साखर सोडली की कॅन्सर उपाशी मरतो? नाही मरत

‘कॅन्सरच्या पेशी फक्त साखरेवर जगतात. साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल. हे शोधणाऱ्या वॉरबर्गला नोबेल मिळालं, पण औषध कंपन्यांनी सगळं दडपलं.’ हा मेसेज पुन्हा घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय.

आधी नोबेलचं. ऑटो वॉरबर्ग यांना १९३१चं नोबेल श्वसनातल्या एंझाइमवरच्या कामासाठी मिळालं, कॅन्सरसाठी नव्हे. गाठीतल्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, हे त्यांचं निरीक्षण मात्र खरं आहे. ते कुणी दडपलेलंही नाही. जास्त ग्लुकोज ओढणारी जागा उजळून दाखवणारा पेट स्कॅन त्यावरच चालतो. त्याच स्कॅनमध्ये निरोगी मेंदूही लख्ख उजळतो.

मग गाठ एवढं का ओढते? पेशीला ‘वाढ’ हा निरोप बाहेरून येतो आणि आत प्रथिनांच्या साखळीतून पुढे जातो. त्यातलं रास हे प्रथिन म्हणजे बटण: निरोप आला की चालू, काम झालं की बंद. त्याच्या बाराव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी, बदललं, तरी ते बंद व्हायचं विसरतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये दहातल्या साधारण नऊ रुग्णांत रासमध्ये असा बिघाड सापडतो. पेशी मग निरोप नसतानाही वाढत सुटते, आणि वाढायचं म्हणून ग्लुकोज ओढते. बिघाड आधी, भूक नंतर.

शिवाय साखर सोडली तरी यकृत ग्लुकोज बनवतंच, आणि गाठ ग्लुटामिन या अमिनो आम्लावर, चरबीवरही भागवते.

‘किटोवर संशोधन झालंय,’ असं कुणीतरी म्हणतंच. किटो म्हणजे साखर-पिष्ट जवळजवळ बंद आणि चरबी भरपूर, असा आहार. संशोधन झालंय. २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगात पीआय३के या संकेत पोचवणाऱ्या प्रथिनाला रोखणारं औषध किटो आहारासोबत जास्त चाललं, कारण औषधामुळे उसळणारं इन्सुलिन आटोक्यात राहिलं. पण त्याच प्रयोगात एका ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) नुसत्या किटोने रोग उलट लवकर बळावला. मेसेजमध्ये हे नसतं, याचा मला राग येतो.

अडकलेलं बटण औषधाने रोखता येतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात बीसीआर-एबीएल हे प्रथिन सतत चालू असतं; ते रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१मध्ये आली. २०१३मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकचं, म्हणजे याच गोळीच्या मूळ ब्रँडचं, पेटंट नाकारलं, त्यामुळे स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. ती रोज घेऊन कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं जगताहेत, चहात साखर घालून.

केमो चालू असलेल्या माणसाचं वजन बऱ्याचदा आधीच घटत असतं. मेसेज वाचून त्याच्यापुढची खीर, केळं उचलू नका. मधुमेह असेल तर काय पाळायचं ते त्याचे डॉक्टर सांगतील.