अल्बोचं पांढरं पान उन्हाने येत नाही, एप्सम सॉल्टने तर नाहीच नाही

अल्बो म्हणजे पांढऱ्या-हिरव्या पानांचा मॉन्स्टेरा, घरात हौसेने ठेवतात तो वेल. झाडवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, "अल्बो मॉन्स्टेराचे ७ नियम" म्हणून, तुम्हालाही कोणी ना कोणी पाठवला असेलच. नसेल तर थोडक्यात सांगते. कडक ऊन आणि एप्सम सॉल्ट दिलं की पानावरचा पांढरा रंग वाढतो. बिया पेरून घरी अल्बो उगवता येतो. दिवसातून तीनदा पानांवर पाणी फवारायचं. कुंडीच्या तळाशी खडे घालून दर रविवारी एक ग्लास पाणी द्यायचं. हे जंगलात जमिनीवरचं झाड आहे म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचं आणि लोंबणारी मुळं कापून टाकायची. नासाने सांगितलंय की हे खोलीतली हवा शुद्ध करतं. आणि सातवं म्हणजे एक कटिंग घ्या, वर्षभरात लखपती व्हा. पहिल्या नियमात कडक ऊन आणि पाचव्यात अंधारा कोपरा, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नाही ते सोडून देऊ, पण लोक हे वाचून हजारोंची झाडं घालवतायत म्हणून बसून लिहितेय.

पहिला मुद्दा सगळ्यात मोठा, कारण बाकीचं फसणं त्यातूनच होतं. अल्बो म्हणजे आपला साधा मॉन्स्टेरा डेलिसिओसाच, दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलातला वेल, फक्त याच्या काही पेशींमध्ये हरितद्रव्य बनत नाही. म्हणजे एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी वाढत असतात, हिरव्या आणि पांढऱ्या. शेंड्याच्या वाढत्या टोकाला ज्या पेशी जिथे असतील तसं पुढचं पान निघतं, कधी अर्धं पांढरं अर्धं हिरवं, कधी नुसते शिंतोडे, कधी अख्खं पांढरं. यात उन्हाचा काय संबंध? ऊन जास्त दिलं म्हणून हिरवी पेशी पांढरी होत नाही, पांढरा भाग मात्र आधी करपतो, एप्रिल महिन्यात पश्चिमेच्या गॅलरीत ठेवून बघा, दोन-चार दिवसांत कडा तपकिरी, कागदासारख्या कुरकुरीत. आणि एप्सम सॉल्टचं तर मला हसूच येतं. ते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आणि मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या रेणूच्या अगदी मधोमध बसलेलं असतं, मॅग्नेशियम कमी पडलेल्या झाडाला ते दिलं तर ते हिरवं होतं हो, पांढरं नाही!

मग पांढरं टिकवायचं कसं, तर खोड बघून. उसाची कांडी लावताना शेतकरी डोळा बघतो ना, तसंच इथे. पानाचा देठ खोडाला जिथे चिकटलेला असतो त्याच्या बरोब्बर वरच्या बाजूला एक बारीक फुगवटा असतो, तो डोळा, नवीन फुटवा तिथून येणार. आता खोड हातात घेऊन फिरवा, त्यावर हिरव्या-पांढऱ्या रेघा दिसतील. डोळा ज्या रेघेवर बसलाय तसं पुढचं झाड. नुसत्या हिरव्या पट्ट्यावर असेल तर बहुतेक साधा मॉन्स्टेरा मिळणार, नुसत्या पांढऱ्यावर असेल तर एकापाठोपाठ एक पांढरी पानं येतील, फोटोत झकास दिसतील, पण अन्न बनवायला हिरवं काहीच नाही त्यामुळे मुळंसुद्धा धड न धरता कटिंग हळूहळू संपतं. दोन्ही रंगांच्या सीमेवरचा डोळा सगळ्यात चांगला. झाड सलग हिरवीच पानं काढायला लागलं तर मागे जायचं, जिथपर्यंत खोडावर रेघा नीट दिसतायत तिथपर्यंत कापायचं आणि त्या डोळ्यातून नव्याने फुटू द्यायचं. जिवावर येतं, पण हिरवी फांदी जोमात वाढते आणि बघता बघता सगळं झाड तीच होऊन बसते. उजेड भरपूर द्यायचाच, पूर्वेच्या खिडकीत कोवळं ऊन चालतं, कारण अर्ध्या पानावर अख्ख्या झाडाचं पोट चालतंय.

बियांचं एका वाक्यात सांगते, पांढऱ्या अल्बोच्या बिया म्हणून जी पाकिटं विकतात ती फसवणूक आहे. या पेशींचं मिश्रण बीमधून जसंच्या तसं पुढे जात नाही, अल्बो वाढवतात तो पेराच्या कटिंगने. शिवाय मॉन्स्टेराचं बी वाळवून महिनोन्‌महिने ठेवण्यातलं नाही, ते लवकर मरतं, त्यामुळे पाकिटातून साधा मॉन्स्टेरा उगवला तरी नशीब म्हणायचं. आणि हो, गुलाबी पानांचा पिंक काँगो म्हणून जो फिलोडेंड्रॉन (हेही घरात ठेवायचं शोभेचं झाड) मिळायचा तो तर केमिकलने गुलाबी केलेला असायचा, काही महिन्यांनी नवीन पानं हिरवी. पानाच्या रंगावर भाळून पैसे देणाऱ्यांसाठी बाजारात असं खूप काही असतं.

तीनदा फवारणी. फवारलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं आणि हवा पुन्हा जशीच्या तशी, पान मात्र ओलं राहतं, त्यात खोलीत वारा खेळत नसेल तर डाग पडायला आमंत्रण. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतच ८० टक्क्यांच्या वर दमटपणा असतो, तिथे कशाला फवारायचं? पुणे-नागपूरकडे उन्हाळ्यात हवा खरंच कोरडी पडते, तिथे झाडं जवळजवळ ठेवा, जमलं तर छोटा ह्युमिडिफायर लावा. ५०-६० टक्क्यांत हे झाड आरामात राहतं.

खडे घालून निचरा सुधारतो हा समज तर आपल्याकडे आजीच्या काळापासून आहे, कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवतात तो ठीक, माती वाहून जाऊ नये म्हणून, पण तीन बोटं खड्यांचा थर वेगळा. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत लगेच उतरत नाही, ते मातीच्या तळाशी धरून राहतं, म्हणजे तुम्ही चिखलाचा थर उचलून मुळांच्या आणखी जवळ आणून ठेवता. त्यापेक्षा मिश्रणच मोकळं करा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, पर्लाइट (पांढरे हलके दाणे), थोडा कोळसा, थोडं गांडूळखत, कोकोपीट कमीच. आणि रविवारचा ग्लास? जुलैतला रविवार आणि मेमधला रविवार एक असतो का? बोट दोन पेरं खुपसून बघा, वरचं कोरडं लागलं तरच घाला, आणि घालाल तेव्हा खालून निथळेपर्यंत घाला. पान पिवळं पडलं की लोक आणखी पाणी घालतात आणि खाली मुळं कुजलेली असतात, हे इतक्यांदा बघितलंय की आता कोणी पिवळ्या पानाचा फोटो पाठवला तर मी आधी कुंडी उलटी करून मुळं दाखवा म्हणते.

पाचव्या नियमात थोडासा खरेपणा आहे, म्हणून तो जास्त फसवा. १९७५ साली स्ट्राँग आणि रे या दोघांनी कोस्टा रिकातल्या मॉन्स्टेराच्या एका जातीवर सायन्स या विज्ञान साप्ताहिकात लिहिलं होतं, की जमिनीवरचं रोप उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरपटतं. का, तर जंगलात जवळचा सगळ्यात गडद आकार म्हणजे मोठ्या झाडाचं खोड, ते सापडलं की हा वेल त्यावर चढतो आणि वर उजेडात जातो. म्हणजे अंधार हा रस्ता आहे, मुक्कामाची जागा नाही. अंधाऱ्या कोपऱ्यातला अल्बो लांबलचक कांडी काढतो आणि पानं लहान लहान, भोकं नाहीत. ज्या लोंबणाऱ्या मुळांना कापायला सांगितलंय त्यांनीच तर तो खोडाला धरून चढतो, पाणी ओढतो. मॉसचा (शेवाळ भरलेला) खांब लावा, तो ओला ठेवा, मुळं त्यात शिरू द्या, पुढची पानं कशी मोठी होत जातात बघा. मुळं फारच पसरली असतील तर कुंडीत वळवा.

नासाचा तो अभ्यास १९८९ चा, छोट्या बंद पेट्यांमध्ये केलेला. तुमची खोली बंद पेटी नाही, दारं-खिडक्यांतून हवा बदलतच असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने प्रयोग पुन्हा मोजून दाखवलं, की नुसत्या हवा खेळण्याने जेवढं होतं तेवढं झाडांनी करायचं तर एका चौरस मीटरमागे १० ते १,००० झाडं लागतील. खिडकी उघडा, संपलं. घरात मांजर असेल तर मात्र खरी काळजी ही, की याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, चावलं तर तोंडाची आग होते.

राहिले लखपती. मेसेजसोबत जो फोटो येतो तो मॉन्स्टेराचा नाहीच, ते रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा, लोक मिनी मॉन्स्टेरा म्हणतात ते. न्यूझीलंडमध्ये २०२१ च्या जूनमध्ये त्याचं नऊ पांढऱ्या-हिरव्या पानांचं झाड ऑनलाइन लिलावात २७,१०० न्यूझीलंड डॉलरला गेलं होतं, म्हणजे तेव्हाचे साधारण १४ लाख रुपये. ती लॉकडाऊनमधली लाट होती. त्यानंतर टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये पेशींपासून वाढवलेली झाडं बाजारात आली, पिवळसर ठिपक्यांचा थाई कॉन्स्टेलेशन नावाचा मॉन्स्टेरा तर लॅबमधूनच आलेला, त्याचा रंग अल्बोपेक्षा खूप स्थिर, आणि भाव कोसळले. आज हौस म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या. विकणाऱ्याकडे फक्त सुंदर पानाचा फोटो मागू नका, डोळ्याच्या बाजूने काढलेला खोडाचा फोटो मागा, मुळं धरलेलं पेर आहे का नुसती कांडी तेही विचारा, आणि पुढून "पान बघा ना मॅडम, पान किती भारी आहे" एवढंच उत्तर येत राहिलं तर जीपे उघडूच नका.