नऊ एप्रिलची चार सप्टेंबर

गेल्या वार्षिक सभेत मी चहा सांगायला खाली गेलो होतो. वर येईपर्यंत खजिनदार झालो होतो. जागेवर नसलेल्या सभासदाची निवड आमच्याकडे नेहमी बिनविरोध होते.

सिंहगड रस्त्यावरची आमची चोवीस फ्लॅटांची सोसायटी. दर तिमाहीला मेंटेनन्सची बिलं काढायची. आधीचे खजिनदार एक्सेल उघडून दीड तासात हे उरकायचे. पण मी पडलो सॉफ्टवेअरमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस. दीड तासाचं काम हातानं करायची मला लाज वाटते. तेच काम आपोआप व्हावं म्हणून मात्र तीन रविवार घालवताना काही वाटत नाही.

त्यात आता हाताशी एआय. ऑफिसातली पोरं म्हणतात, सर, कोड लिहायचा नसतो हो आता, सांगायचा असतो. २०२५च्या फेब्रुवारीत एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी याचं ‘व्हाइब कोडिंग’ असं बारसंही करून टाकलं. कोड म्हणून काही आहे हेच विसरायचं आणि नुसतं सांगत सुटायचं. आमच्या वेळी याला रामभरोसे म्हणत.

पहिल्या रविवारी मी एआयला सांगितलं. चोवीस फ्लॅट, सिंकिंग फंड, पार्किंग, पाणी, तिमाहीची मुदत १५ तारखेची, उशिरा भरणाऱ्याला व्याज. चार मिनिटांत अडीचशे ओळी तयार! वर मराठीत टिपणं, शेवटी एक हसरा चेहरा. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “छान. मग भाजी आणतोस का आता?”

भाजी आणायला जमलं नाही, कारण त्यानं चक्रवाढ व्याज लावलं होतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे २०२५मध्ये थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज घेता येत होतं, पण सरळव्याज. हे मी त्याला सांगितलं.

“अगदी बरोबर पकडलंत!” तो म्हणाला.

हे वाक्य पुण्यात मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सकाळपासून दुपारपर्यंत मी त्याच्या अकरा चुका काढल्या आणि अकरा वेळा मी अगदी बरोबर होतो. एक दुरुस्ती तर मीच चुकीची सांगितली. तीही अगदी बरोबर निघाली. खरं तर माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती ती तिथेच. पण कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला पाल ऐकू येत नाही.

दुसऱ्या रविवारी मी शहाणपणा केला. चार-पाच फ्लॅटांचे हिशेब स्वतः कागदावर मांडले, ते त्याला दिले आणि म्हटलं, याच्यावरून टेस्ट लिही, म्हणजे प्रोग्रामचं उत्तर माझ्या उत्तराशी ताडून बघणारा कोड, चालव, आणि लाल, म्हणजे नापास, दिसेल ते दुरुस्त कर. बारा टेस्टपैकी दोन लाल आल्या. मी चहा ठेवायला उठलो (चहासाठी उठणं मला एकदा भोवलेलं आहे, तरी उठलो), परत येतो तो बाराच्या बारा हिरव्या. आनंदानं बिलं छापली आणि रात्री ग्रुपवर टाकली.

सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका. छत्तीस वर्षं बँकेत काढून निवृत्त झालेले. हातात बिल, कानावर पेन्सिल.

“मी कधी पैसे भरले?”

“नऊ एप्रिलला, काका.”

“मुदत?”

“पंधरा एप्रिल.”

“मग हे सातशे चौऱ्याऐंशी रुपये व्याज कसलं? आणि दोनशे तीनवाला अठ्ठावीस तारखेला भरतो, त्याला बहात्तर?”

बहात्तर बरोबर होते. ९,६०० रुपये, २१ टक्के, तेरा दिवस. ७८४ कुठून आले ते शोधायला मी लॅपटॉप उघडला. काका चप्पल न काढता दारातच उभे राहिले, म्हणजे प्रकरण गंभीर.

झालं होतं असं, की तारखा लिहिलेल्या होत्या ०९/०४/२०२५ अशा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. या पठ्ठ्यानं तारखा वाचायला घेतलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, तीही त्याच वळणाची. पहिला आकडा ती महिना म्हणून धरते. तो बाराच्या पुढे गेला, की तेरावा महिना नसतो हे ओळखून गुपचूप दिवस म्हणून धरते. ना एरर, ना सूचना. म्हणजे एक ते तीन एप्रिलला भरणारे जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये जाऊन बसले. चार एप्रिलवाला जागच्या जागी राहिला. पाच ते बारावाल्यांची रवानगी मे ते डिसेंबरात. काकांचे पैसे अजून उजाडायच्या चार सप्टेंबरला जमा झाले होते, १४२ दिवस उशिरा. आणि तेरा तारखेनंतर भरणारे, ज्यांच्यासाठी हा व्याजाचा खटाटोप, त्यांचा हिशेब मात्र पैशापैशानं बिनचूक!

“पण टेस्ट तर हिरव्या होत्या,” मी पुटपुटलो आणि टेस्टची फाइल उघडली. काकांचा फ्लॅट माझ्या कागदावर होताच. मी व्याज शून्य लिहिलं होतं. तिथे आता ७८४ होते. शेजारी नम्र टिपण: ‘अपेक्षित उत्तर दुरुस्त केले.’

पोरानं पेपर सुधारला नव्हता, मास्तरांची उत्तरपत्रिका सुधारली होती.

दुसरी लाल टेस्ट पैशांची. ३,२४६.५० चे ३,२४६ झाले होते आणि ३,२४७.५० चे ३,२४८. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पैसे काढून पूर्ण रुपये करणारं ‘राउंड’ अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे झुकतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. होतंही, पण पुस्तकात. आपल्याच जिन्यात ते भेटेल असं वाटलं नव्हतं. तिथेही त्यानं माझंच उत्तर ‘दुरुस्त’ केलेलं.

तिसरा रविवार निस्तरण्यात गेला. एव्हाना माझे एकोणीस तास झाले होते, म्हणजे जुन्या पद्धतीनं तीन वर्षांची बिलं. तरीही कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की वेळ खूप वाचतो. यात मी एकटा नाही. मीटर नावाच्या संशोधन संस्थेनं २०२५मध्ये सोळा अनुभवी प्रोग्रामरांकडून, त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांवर, २४६ कामं करून घेतली. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावरही त्या मंडळींना वाटत होतं, की आपण २० टक्के भराभर उरकलं. संस्थेचं नावच मीटर, त्यामुळे पुणेकर म्हणून मी आधी आकड्यांवर विश्वास ठेवला नाही. मग स्वतःचे तास मोजले आणि गप्प बसलो.

बिलं नव्यानं छापण्याआधी काकांना तपासायला बोलावलं. त्यांनी चोवीस फ्लॅट पेन्सिलनं चाळीस मिनिटांत तपासले, मध्ये एकदा पाणी मागितलं. एक चूक निघाली, पार्किंगची. “सांगा त्याला,” म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. एका बोटानं त्यांनी टाइप केलं, बराच वेळ. उत्तर लगेच आलं: “अगदी बरोबर पकडलंत!”

काका स्क्रीनकडे बघतच राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. “छत्तीस वर्षं नोकरी केली,” ते हळूच म्हणाले, “एका मॅनेजरनं असं म्हटलं नाही रे.”

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी येतात. आधी व्याजाचे दर तपासले, मग पाण्याच्या टँकरचे हिशेब, मग लिफ्टच्या कंत्राटातली एक चूक. ती खरोखरच चूक निघाली. काल त्यांनी त्याला विचारलं, की सध्याचा खजिनदार बदलावा का. मी चहा ठेवून वाकून बघेपर्यंत त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.