पुढे खाडी आहे, सरळ जा

दुचाकीसाठी खास बनवलेलं जीपीएस यंत्र मी एकदा दुकानात हातात धरून पाहिलं आहे. हातमोजे घालून बोट लावा, चालतं. पावसात भिजवा, चालतं. भर उन्हात लख्ख दिसतं, आणि त्यावर कुणाचे फोन येत नाहीत. हे सगळं ऐकून मी किंमत विचारली, आणि देवाचा टाक देव्हाऱ्यात ठेवावा तसं ते दोन्ही हातांनी काउंटरवर परत ठेवलं. वडिलांनी आमची पहिली स्कूटर घेतली तेव्हा याच्या निम्मेही पैसे मोजले नव्हते, आणि ती स्कूटर तर माणसं वाहायची.

"खिशात फोन आहे की," मी बायकोला म्हणालो. "त्यातही तेच जीपीएस असतं."

हे एक वाक्य मला कितीला पडलं याची नोंद मी वहीत ठेवली आहे. होल्डर 650 रुपये. हँडलवरचा चार्जर 900. पहिल्या होल्डरने गतिरोधकावर फोन सोडून दिला म्हणून दुसरा होल्डर, 1,400. सोडून दिलेल्या फोनची काच, 2,200. इथपर्यंत मी फायद्यातच होतो. मग कॅमेरा गेला.

माझी गाडी एका सिलिंडरची. उभ्या जागी अंगात आल्यासारखी घुमते. फोन धरताना हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्याचं भिंग आत अधांतरी तोललेलं असतं म्हणे. ही सोय माणसाच्या हातासाठी, इंजिनाच्या धडधडीसाठी नव्हे. 2021 च्या सप्टेंबरात ॲपलने स्वतःच जाहीर करून टाकलं की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलवर आमचे फोन लावू नका, कॅमेरा बिघडेल. माझा फोन त्या कंपनीचा नसल्यामुळे मी ते वाचून निर्धास्त झालो. त्या वर्षानंतरच्या गौरी-गणपतीच्या प्रत्येक फोटोत आमच्याकडे बाप्पा दोन आहेत. गौरी चार.

तर गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं पुण्याहून केळशीला निघालो. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, पुढे बागमांडल्याला जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने, खाडी पार करायची आणि वेश्वीला उतरायचं. रस्ता मला ढोबळ ठाऊक होता. पण ठाऊक असलेल्या रस्त्यालाही हल्ली फोन लावल्याशिवाय गाडी सुरू करवत नाही.

चांदणी चौकात नवे रॅम्प झाल्यापासून तिथे डोळ्यांत तेल घालून नकाशा बघावा लागतो. नेमका फाटा आला आणि नकाशा नाहीसा झाला. त्याजागी एक अनोळखी नंबर. हेल्मेटमध्ये गोड आवाज आला, "सर, आपल्यासाठी पर्सनल लोनची खास ऑफर आहे." फोन कापायचा तर हातमोजा काढायला हवा. मी तो दातांनी ओढून काढला. तेवढ्यात मागून "अहो, कुठे चाललात?" असा प्रश्न आला. मी "अगं" म्हणालो आणि हातमोजा पडला. तो शोधायला गाडी थांबवेपर्यंत आम्ही पौडऐवजी मुंबईच्या दिशेने बरंच अंतर कापलं होतं. वहीत नोंद: हातमोजे, 1,100. एका हाताचे मिळत नाहीत.

मुळशीच्या पुढे रेंज गेली. तरीही निळा ठिपका आमच्याबरोबर चालत होता. फक्त खालचा नकाशा पुसला गेला होता, कोऱ्या पाटीवरून मुंगी चालावी तसा. यात ठिपक्याचा दोष नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह आपल्याला बघत वगैरे नसतात. ते नुसते आपापली वेळ सांगत फिरतात, गिरणीच्या भोंग्यासारखे. चार भोंगे ऐकू आले की आपण कुठे आहोत याचा हिशेब फोन करतो. त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशाला, आणि तो घरून उतरवून घ्यायचा असतो, हे मला मुलगी निघताना सांगत होती. मी तेव्हा हवा चेक करत होतो.

घाट उतरून माणगाव मागे पडलं तसं ऊन चढलं. ऑक्टोबरातल्या उन्हात, काळ्या होल्डरमध्ये, चार्जिंगला लावलेला फोन किती तापतो ते पापड भाजणाऱ्यालाच विचारावं. आधी पडदा अंधारला. मग त्याने चार्जिंग नाकारलं. मग फोन तापला आहे, तो थंड होऊ द्या, अशी पाटी लावून तो झोपला. रस्त्याकडेच्या टपरीवर आम्ही दोन सोडे मागवले. एक मी प्यायलो आणि दुसऱ्याच्या गार बाटलीला फोन टेकवून बायको बसली. "लेकरू तापाने फणफणलंय," ती टपरीवाल्याला म्हणाली.

शुद्धीवर येताच लेकराने बोलायला सुरुवात केली. "एम हसला" कडे डावीकडे वळा. एम कोण आणि तो का हसला हे कळेपर्यंत म्हसळ्याचा फाटा गेला होता. मग त्याने जवळचा रस्ता काढला. 2017 च्या डिसेंबरात गूगलच्या नकाशात दुचाकीची वेगळी सोय आली तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पण दुचाकी आणि शेळी यांतला फरक त्याला कुणी समजावलेला नाही. डांबर संपलं, खडी संपली, आणि आम्ही एका घराच्या अंगणात भाताच्या भाऱ्यांसमोर उभे राहिलो. फोन म्हणाला, सरळ जा. सरळ म्हणजे पडवी.

आजी विळा खाली ठेवून उठल्या. "मोबाइलवाले ना? त्या फणसाकडून वळवा गाडी. सगळे तिथनंच वळवतात." फणसाखालची माती चाकांनी घोटून गुळगुळीत झाली होती.

हरिहरेश्वर जवळ आलं आणि परतीच्या पावसाने गाठलं. वॉटरप्रूफ पाउच (400 रुपये) घरी कपाटात कोरडा होता. पडद्याला बोट आणि थेंब यांतला फरक कळत नाही. मला बोट लावायला बंदी असताना पाऊस मात्र सगळं दाबत सुटला. त्याने भाषा बदलली, जवळचे पेट्रोल पंप शोधले आणि आमच्या साडूंना व्हिडिओ कॉल लावला. साडू घरात पोहे खात होते.

"काय हो, बुडालात की काय?"

"नाही, केळशीला चाललोय!" मी ओरडलो.

"दिसतंय," ते म्हणाले आणि त्यांनी सगळ्या घराला बोलावलं.

बागमांडल्याला आम्ही ओलेचिंब होऊन जंगलजेट्टीत गाडी चढवली. बोट सुटली, बायकोने ओढणीने फोन पुसला, आणि तेव्हा लक्षात आलं की पावसाने जाता जाता "फेरी टाळा" हेही दाबलेलं आहे. भर खाडीत, चहूकडे सावित्रीचं पाणी, आणि फोन निक्षून सांगतोय, शक्य तितक्या लवकर यू टर्न घ्या. त्याच्या मते आम्ही आंबेतच्या पुलावरून वळसा घालून यायला हवं होतं. शेजारचा मासळीची पाटी घेतलेला माणूस एकदा फोनकडे आणि एकदा पाण्याकडे बघून जरा सरकून उभा राहिला.

मी बसल्या बसल्या वहीची बेरीज तोंडी केली. कॅमेऱ्याचे 7,500 धरले तर यंत्राच्या किमतीच्या फार मागे नव्हतो. पाउच धरला नव्हता. सोडेही.

तेवढ्यात पुन्हा नकाशा नाहीसा झाला. सकाळचाच नंबर, सकाळचाच गोड आवाज.

"सर, सकाळी आपला कॉल कट झाला. आता बोलू शकता का? आपण सध्या कुठे आहात?"

"खाडीत," मी म्हणालो. पलीकडे जरा शांतता पसरली. मी घसा साफ केला. "बरं, व्याज किती म्हणालात?"