पोलिओची लस कुणी एकट्याने शोधली नाही

२४ ऑक्टोबरला जागतिक पोलिओ दिन असतो. त्या आसपास व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: डॉ. जोनास साल्क यांनी एकट्याने पोलिओची लस शोधली. सगळ्यांत आधी ती स्वतःला आणि आपल्या मुलांना टोचून पाहिली. पेटंट नाकारून अब्जावधी डॉलरवर पाणी सोडलं आणि लस जगाला फुकट दिली. त्या लसीमुळेच आज भारत पोलिओमुक्त आहे. खाली हात जोडलेली चित्रं आणि ‘असे शास्त्रज्ञ पुन्हा होणे नाही’ हे वाक्य.

साल्क मोठे संशोधक होते, हे मी आधीच सांगून टाकते. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतूही चांगलाच असतो. पण यातलं एकही विधान जसं लिहिलंय तसं खरं नाही, आणि पहिलं विधान तर काही माणसांवर उघड अन्याय करतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शिक्षण संपवून प्रयोगशाळेत शिरू पाहणारी मुलंमुली माझ्यासमोर बसतात. त्यातल्या बहुतेकांचं नाव कधी छापून येणार नाही, पण काम तेच करणार आहेत. म्हणून पहिल्या मुद्द्यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

‘एकट्याने शोधली.’

साल्क १९४७ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात आले. म्युनिसिपल हॉस्पिटलच्या इमारतीत त्यांना विषाणू संशोधनासाठी जागा मिळाली आणि हळूहळू तिथे माणसं जमत गेली. १९४९ मध्ये ज्युलियस यंगनर आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अणुबॉम्बच्या प्रकल्पात युरेनियमच्या क्षारांच्या विषारीपणावर काम केलं होतं. एल्सी वॉर्ड पेशींची आणि विषाणूंची वाढ सांभाळत. जेम्स लुईस यांच्याकडे माकडांची जबाबदारी होती. लष्करातून आलेले बायरन बेनेट होते. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियातून पर्सिव्हल बेझ्ली आले आणि काम शिकून मायदेशी लस बनवायला परत गेले. शिवाय काच धुणारे, माध्यम म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रावण तयार करणारे, पिंजरे साफ करणारे, रक्ताच्या नळ्यांवर क्रमांक घालणारे लोक होते. यातल्या कितीतरी जणांची रोज जिवंत पोलिओ विषाणूशी गाठ पडे, आणि त्यापासून वाचवणारी लस तेव्हा जगात कुठेच नव्हती.

यंगनर यांनी नेमकं काय केलं ते सांगते, कारण त्याशिवाय ‘मदतनीस’ या शब्दामागे सगळं झाकलं जातं. विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात. माकडाच्या मूत्रपिंडाचे बारीक तुकडे करून त्यांत विषाणू वाढवता येत होता, पण हाती पीक फार थोडं येई. यंगनर यांनी ट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) वापरून त्या ऊतीच्या पेशी सुट्या केल्या. सुट्या पेशी काचेवर पसरतात, वाढतात, आणि एकाच मूत्रपिंडातून आधीच्या कितीतरी पट संवर्धन मिळतं. लाखो मात्रांची लस बनवण्याचा विचार तिथून शक्य झाला.

त्यांचं दुसरं काम मला त्याहून आवडतं. लस टोचल्यावर मुलाच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, तयार झाली की नाही हे तपासायचं कसं? एकेक नळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसलं तर वर्षं जातील. यंगनर यांनी माध्यमातल्या फिनॉल रेड या रंगद्रव्याचा उपयोग केला. जिवंत पेशी आम्ल सोडतात आणि माध्यम लालाचं पिवळं होतं. विषाणूने पेशी मारल्या तर ते लालच राहतं. आता मुलाचं रक्तद्रव आणि विषाणू एकत्र करून पेशींवर घाला. रक्तद्रवात पुरेशी प्रतिपिंडं असतील तर पेशी वाचतात, नळी पिवळी होते. नुसत्या डोळ्यांनी एका बैठकीत शेकडो नळ्या वाचता येऊ लागल्या. विषाणू फॉर्मॅलिन या रसायनामध्ये किती वेळ ठेवल्यावर पुरता निष्प्रभ होतो, त्याचं गणित बसवण्यातही यंगनर होते.

आणि हे फक्त पिट्सबर्गपुरतं झालं. एका इमारतीच्या चार भिंतींत ही लस मावतच नाही. मज्जासंस्थेबाहेरच्या ऊतींमध्ये पोलिओचा विषाणू वाढतो हे १९४९ मध्ये बोस्टनला जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी दाखवलं. त्याबद्दल १९५४ चं नोबेल त्या तिघांना मिळालं. साल्क यांना नोबेल कधीच मिळालं नाही. पोलिओचे प्रकार तीनच आहेत हे अमेरिकेतल्या चार विद्यापीठांनी मिळून ठरवलं. येल विद्यापीठात डोरोथी हॉर्स्टमन यांनी दाखवलं की मज्जासंस्थेत पोचण्याआधी विषाणू काही काळ रक्तात असतो. म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांनी त्याला वाटेतच अडवता येईल. लसीची सारी आशा या एका निरीक्षणावर उभी होती.

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या कॉनॉट प्रयोगशाळेने कर्करोगाच्या पेशींच्या अभ्यासासाठी ‘माध्यम १९९’ बनवलं होतं. ते पोलिओसाठी उपयोगी पडलं. त्याच प्रयोगशाळेत लिओन फॅरेल या बाईंनी मोठ्या बाटल्या संथपणे हलत्या ठेवून विषाणू भरपूर प्रमाणात वाढवण्याची पद्धत बसवली. १९५४ मध्ये मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीच्या लसीसाठी लागणारा विषाणू त्यांच्या पद्धतीने वाढवलेला होता.

सगळ्यात विसरलेली मंडळी अलाबामातली. तिथली टस्कीगी ही कृष्णवर्णीयांची शिक्षणसंस्था होती, आज ते विद्यापीठ आहे. लसीच्या चाचणीतल्या रक्ताच्या नमुन्यांसाठी प्रचंड प्रमाणात पेशी लागणार होत्या. १९५३ ते १९५५ या काळात रसेल ब्राउन आणि जेम्स हेंडरसन यांच्या देखरेखीखाली तिथल्या कृष्णवर्णीय तंत्रज्ञांनी, ज्यांत बऱ्याच स्त्रिया होत्या, हीला पेशींची सुमारे ६ लाख संवर्धनं वाढवून देशभरच्या प्रयोगशाळांना पाठवली. या पेशी मूळच्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्णाच्या होत्या. १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्या घेतल्या गेल्या, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या काळात अलाबामात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळाही वेगळ्या होत्या. या तंत्रज्ञांच्या हातांनी वाढवलेल्या पेशींवर मात्र साऱ्या देशातल्या मुलांचं रक्त तपासलं गेलं.

या कामात माणसांसोबत माकडंही होती, आणि इथे आपला देश या गोष्टीत येतो. संशोधनाला आणि पुढे लसनिर्मितीला लागणारी ऱ्हिसस माकडं मोठ्या संख्येने उत्तर भारतातून विमानाने जात. त्या दशकाच्या अखेरीस हा आकडा वर्षाला लाखाच्या वर गेला होता. प्रवासातल्या हालांमुळे १९५५ मध्ये भारताने निर्यात काही काळ थांबवली, तेव्हा अमेरिकेतल्या लसनिर्मितीलाच धास्ती बसली. पुढे १९७८ मध्ये ही निर्यात कायमची बंद झाली.

१२ एप्रिल १९५५ रोजी मिशिगन विद्यापीठात थॉमस फ्रान्सिस यांनी चाचणीचा निकाल जाहीर केला. सुमारे १८ लाख मुलांनी त्या चाचणीत भाग घेतला होता. लस सुरक्षित आहे, परिणामकारक आहे. त्यानंतर साल्क बोलायला उभे राहिले. त्यांनी संशोधनाला पैसे पुरवणाऱ्या प्रतिष्ठानचे, विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांचे आभार मानले. आपल्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांची नावं मात्र घेतली नाहीत, आणि ते सहकारी त्याच सभागृहात बसलेले होते. यंगनर यांना ते आयुष्यभर लागून राहिलं. २०१७ मध्ये, ९६ व्या वर्षी ते वारले. त्याआधी अनेकदा त्यांनी हे जाहीरपणे बोलून दाखवलं. हीच नावं १९५३ च्या पहिल्या शोधनिबंधावर होती: बेनेट, लुईस, वॉर्ड, यंगनर. म्हणजे ही माणसं कोण होती ते साल्क यांना नीट ठाऊक होतं. त्या दिवशी ती वगळली गेली, आणि आपण दर ऑक्टोबरला ती पुन्हा वगळतो. म्हणून मला हा मजकूर निरुपद्रवी वाटत नाही.

‘आधी स्वतःला आणि मुलांना टोचली.’

साल्क यांनी स्वतःला, पत्नीला आणि तिन्ही मुलांना लस टोचली हे खरं आहे. पण ते १९५३ मध्ये. त्याआधी, १९५२ च्या उन्हाळ्यात, पिट्सबर्गजवळच्या डी. टी. वॉटसन होममधल्या मुलांना ती टोचली गेली होती. तिथली मुलं आधीच पोलिओने अधू झालेली होती, त्यामुळे त्यांना धोका कमी होता. त्यानंतर पोल्क इथल्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलांना ती दिली गेली. या मुलांची निवड आजच्या नियमांत बसणार नाही. साल्क यांना त्या मुलांची काळजी नव्हती असं मी म्हणत नाही. पण लसीची पहिली जोखीम कोणत्या मुलांनी उचलली, हे ‘स्वतःच्या मुलांवर प्रयोग’ या गोष्टीत पुसून जातं.

‘पेटंट नाकारलं, लस फुकट दिली.’

निकालाच्याच दिवशी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर पत्रकार एडवर्ड मरो यांनी विचारलं, या लसीचं पेटंट कुणाचं? साल्क म्हणाले, लोकांचं म्हणा, पेटंट असं नाहीच, सूर्याचं पेटंट घेता येईल का? उत्तर सुंदर होतं, आणि ते मनापासून दिलेलं होतं याबद्दल मला शंका नाही. पण नाकारायला हातात पेटंट असावं लागतं. पैसे पुरवणाऱ्या प्रतिष्ठानच्या वकिलांनी ती शक्यता आधीच तपासली होती, आणि पेटंट मिळण्याजोगं नवं यात नाही असं त्यांचं मत पडलं होतं. ते योग्यच होतं. विषाणू ऊतींमध्ये वाढवणं एंडर्स यांचं. फॉर्मॅलिनने निष्प्रभ केलेली पोलिओची लस १९३५ मध्ये न्यूयॉर्कला मॉरिस ब्रॉडी यांनी करून पाहिली होती, ती फसली. निष्प्रभ विषाणूची लस कशी करायची हे साल्क स्वतः मिशिगनला फ्रान्सिस यांच्या हाताखाली फ्लूच्या लसीवर शिकले होते.

आणि पैसा मुळात कुणाचा होता? प्रतिष्ठानच्या ‘मार्च ऑफ डाइम्स’ या मोहिमेत लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली होती. त्यातून पगार झाले, माकडं आली, चाचणी झाली. निकाल लागण्याआधीच प्रतिष्ठानने ९० लाख डॉलरची लस मागवून ठेवली होती. पहिली-दुसरीतल्या मुलांना ती फुकट मिळाली, पण बनवणाऱ्या औषध कंपन्यांनी ती विकलीच. शास्त्रज्ञाच्या एका त्यागाने लस घरोघरी पोचली असं म्हटलं की ही लाखो नाणी दिसेनाशी होतात.

लस तयार झाली म्हणजे सगळं संपत नाही, हेही तेव्हाच कळलं. कटर या कंपनीच्या काही लसींत विषाणू पुरता निष्प्रभ झालेला नव्हता. एप्रिल १९५५ मध्ये टोचलेल्या त्या लसींतून सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला आणि १० जण दगावले. त्यानंतर सरकारी तपासणीचे नियम कडक झाले.

‘त्या लसीमुळेच भारत पोलिओमुक्त.’

तुमच्या घरात १९९५ नंतर जन्मलेलं मूल असेल तर आठवून पाहा. पोलिओच्या रविवारी त्याला सुई टोचली होती की तोंडात दोन थेंब घातले होते? ते थेंब साल्क यांच्या लसीचे नव्हेत. ती अल्बर्ट सेबिन यांची तोंडावाटे द्यायची लस, जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची. तिची मोठी चाचणी १९५९ पासून सोव्हिएत संघात मिखाईल चुमाकोव्ह यांच्या पुढाकाराने झाली. सेबिन यांनीही पेटंट घेतलं नाही. त्यांच्याबद्दल असा मजकूर मात्र फिरताना दिसत नाही. आपल्याकडे या थेंबांचा मोठा पुरवठा मुंबईच्या हाफकिन संस्थेतून होत होता.

थेंबांनी सगळं सहज सुटलं असंही नाही. वेल्लोरचे विषाणूतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी कित्येक वर्षं आधी दाखवलं होतं की तीन मात्रा भारतातल्या अनेक मुलांना पुरत नाहीत. उत्तर प्रदेश-बिहारमधल्या मुलांना म्हणूनच पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागले. आणि विषाणू गेला की नाही हे शोधत होती प्रयोगशाळा. परळला हाफकिनच्या आवारात १९४९ पासून पोलिओवर काम करणारं केंद्र आहे, त्याचं नाव बरीच वर्षं एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला की चौदा दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने त्याच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फात ठेवून पाठवायचे, आणि प्रयोगशाळेत पेशींवर घालून विषाणू वाढतो का ते पाहायचं. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुनेही तपासले जाऊ लागले. लोकांचं शौच आणि गटाराचं पाणी आठवड्यामागून आठवडे तपासणाऱ्या त्या तंत्रज्ञांच्या कोऱ्या निकालांवर ‘पोलिओमुक्त’ हा शब्द उभा आहे. नैसर्गिक विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी प्रमाणपत्र मिळालं. साल्क यांच्या पद्धतीची, सुईने टोचायची लस भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आली ती ३० नोव्हेंबर २०१५ रोजी, म्हणजे त्यानंतर वीस महिन्यांनी.