द्वेष म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो. कधी त्यावर काट्यांच्या मुकुटाचं चित्र असतं, कधी मावळत्या सूर्याचं. मजकूर मात्र तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जग आपला द्वेष करतं, कारण ते ख्रिस्ताचा द्वेष करतं. पहिल्या मंडळीनेही हेच सोसलं आणि लोकांच्या मताची फिकीर केली नाही. आपण जगाला शाळा दिल्या, दवाखाने दिले, तरी जग कृतघ्नच. चर्चच्या चुका म्हणून जे दाखवलं जातं ते माध्यमांनी फुगवलेलं. आणि इतरांशी संबंध सुधारा असं सांगणारे खरं तर सत्यात पाणी घालायला सांगताहेत. शेवटी ठरलेली ओळ: सहमत असाल तर आमेन लिहा आणि दहा जणांना पाठवा.

या वेळी खाली चाळीसेक आमेन होते. माझं नव्हतं. का नव्हतं, ते एका ओळीत सांगण्यासारखं नाही, म्हणून हा मजकूर.

द्वेषाबद्दलचं वाक्य येशूचंच आहे, योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातलं. त्याबद्दल वाद नाही. पण तोच येशू डोंगरावरच्या प्रवचनात याच विषयावर बोलतो तेव्हा दोन अटी घालतो. लोक 'माझ्यामुळे' तुमची निंदा करतील आणि तुमच्याविरुद्ध सर्व प्रकारचं वाईट 'लबाडीने' बोलतील, तेव्हा तुम्ही धन्य. मत्तय 5:11 काढून बघा. लबाडीने. लोक आपल्याबद्दल जे वाईट बोलतात ते खरं असेल, तर या धन्यतेत आपला वाटा नाही. येशूचा शिष्य पेत्र तर आणखी रोखठोक आहे. चूक करून मार खाल्ला आणि तो सोसला, तर त्यात मोठेपणा कसला, असं तो आपल्या पहिल्या पत्रात सरळ विचारतो. म्हणजे कोणी तोंड फिरवलं की आधी शोधायचं ते हे, की त्याने कशाकडे पाठ फिरवली, ख्रिस्ताकडे की आपल्या वागण्याकडे.

एक प्रसंग सांगते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीची आई रुग्णालयात होती. मंडळीतले आम्ही चौघं भेटायला गेलो. आईच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाईन, डोळे अर्धवट मिटलेले. आमच्यातल्या एका काकांनी खुर्चीही न घेता पलंगाच्या कठड्यावर हात टेकला आणि म्हणाले, "मावशी, आजवर ज्यांची पूजा केलीत त्यांनी काय दिलं तुम्हाला? येशूला स्वीकारा, बऱ्या व्हाल." मास्कमधून काही बोलता येत नव्हतं. त्या बाईंनी फक्त मान भिंतीकडे वळवली. मुलगी उठली, एक शब्द न बोलता पलंगाचा हिरवा पडदा तिने आमच्या तोंडावर सर्रकन ओढला. लिफ्टमध्ये काका समाधानाने म्हणाले, "विरोध झाला ना? म्हणजे सैतान अस्वस्थ झाला."

सैतान अस्वस्थ झाला की नाही ठाऊक नाही, ती मुलगी नक्की झाली होती. पण काकांच्या हिशेबात या घटनेची नोंद 'छळ' या रकान्यात झाली. त्या फॉरवर्डची खरी अडचण ही आहे. नकाराचं प्रत्येक कारण तो एकाच खात्यात जमा करतो, आणि मग आपलं काही चुकलं हे कळायची वाटच उरत नाही.

खरा छळ आहे, आणि तो झाकून ठेवायचं कारण नाही. 21 एप्रिल 2019 रोजी, ईस्टरच्या दिवशी, श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलांतल्या बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसं मेली. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि पुढेही काही वर्षं तिथेच राहून कुष्ठरोग्यांची सेवा केली. ज्या बाईला सगळ्या जगाला शत्रू म्हणायचा अधिकार होता, तिने तो वापरला नाही. आपण मात्र ओढलेला पडदा आणि ती जळालेली गाडी एकाच माळेत ओवतो, आणि त्यात गाडीत मेलेल्यांचाच अपमान होतो.

आता पहिली मंडळी. तिला लोकांच्या मताची पर्वा नव्हती, हे ज्याने लिहिलं त्याने नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक दुसऱ्या अध्यायापर्यंतही वाचलेलं नसावं. तिथे मंडळीचं वर्णन करताना त्या पुस्तकाचा लेखक लूक आवर्जून नोंदवतो की सर्व लोक त्यांच्यावर प्रसन्न होते. मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याच्या, प्रेषित पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातल्या यादीत, बाहेरच्या लोकांनी त्याच्याविषयी चांगली साक्ष दिलेली असावी, ही अट आहे. पाळक निवडताना आपण किती वेळा बाहेर चौकशी करतो? शेजाऱ्यांना, दुकानदाराला, घरमालकाला विचारतो? मी तरी कधी ऐकलेलं नाही.

आणि लोकांचे गैरसमज तेव्हा आजच्यापेक्षा भयंकर होते. हे लोक माणसाचं मांस खातात, भाऊ-बहीण म्हणवून घेत व्यभिचार करतात, देव मानत नाहीत, असं रोमन लोक बोलत. इसवी सन 112 च्या सुमाराला बिथिनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी याने चौकशी केली, दोन दासींना छळून जबाब घेतले आणि सम्राट ट्राजनला कळवलं: हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात आणि चोरी, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, अशी शपथ घेतात. त्याच्या मते ही सगळी अंधश्रद्धा, पण गुन्हा म्हणावा असं हाताला काही लागलं नाही. पुढे 155 च्या आसपास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोममधून थेट सम्राटाला उद्देशून लिहिलं. आम्ही रविवारी काय वाचतो, भाकर आणि द्राक्षारसाचं काय करतो, जमलेला पैसा अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परक्यांवर कसा खर्च होतो, सगळं उलगडून. ज्याला लोकांच्या मताची पर्वा नाही तो एवढा खटाटोप करत नाही. जस्टिनचा पुढे शिरच्छेद झाला, ही गोष्ट वेगळी. पण त्याने दार उघडून आत काय चाललंय ते दाखवलं होतं.

लोकांचं मत बदललं ते कशाने? 362 मध्ये रोमन सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतला होता आणि ख्रिस्ती लोकांना तुच्छतेने 'गालीली' म्हणायचा, आपल्याच एका पुरोहिताला चिडून लिहितो की हे गालीली त्यांच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात, आणि आपल्याला लाज वाटायला हवी. विरोधकाच्या तोंडून निघालेली इतकी चोख साक्ष दुसरी शोधून सापडणार नाही. त्याने आपलं मत बदललं नाही, तो शेवटपर्यंत विरोधकच राहिला, पण जे दिसलं ते त्याला लिहावं लागलं.

त्यानंतर अवघ्या 26 वर्षांनी, 388 मध्ये, फरात नदीकाठच्या कॅलिनिकम गावात ख्रिस्ती जमावाने बिशपच्या चिथावणीवरून ज्यूंचं सभास्थान जाळलं. सम्राट थिओडोसियस ख्रिस्तीच होता. त्याने हुकूम काढला की बिशपने ते पदरच्या पैशाने बांधून द्यावं. मिलानचा बिशप अँब्रोज, ज्याला आपण संत म्हणतो, सम्राटावर असा काही दबाव आणतो की हुकूम मागे घ्यावा लागतो. फॉरवर्डमधली 'पहिली मंडळी' नेहमी सिंहांपुढे उभी असते. सत्ता हातात आल्यावर ती कशी वागली, ते पान कोणी दहा जणांना पाठवत नाही.

शाळा आणि दवाखान्यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो अर्धा खरा आहे. सेवा झाली, निःस्वार्थ झाली, ज्यांना कोणी शिवत नव्हतं त्यांना हात लावून झाली. पण कॅनडातल्या आदिवासींना जाऊन 'आम्ही तुम्हाला शाळा दिल्या' म्हणून बघा. सरकारच्या पैशावर आणि मुख्यतः चर्चच्या व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख मुलं घरापासून तोडून ठेवली गेली. मातृभाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. हजारो मुलं घरी परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या 1990 च्या दशकात, म्हणजे हा काही मध्ययुगातला इतिहास नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी जुलै 2022 मध्ये तिथे जाऊन क्षमा मागितली.

त्याआधी 1986 मध्ये युनायटेड चर्च ऑफ कॅनडाने, आम्ही सुवार्तेबरोबर आमची संस्कृतीही तुमच्यावर लादली, अशी कबुली देऊन आदिवासींची क्षमा मागितली होती. आदिवासींनी माफीची दखल घेतली, पण ती स्वीकारली असं म्हटलं नाही. शब्द ऐकले, आता वागणं बघू, असा त्याचा अर्थ. सडबरीत जिथे ती माफी मागितली तिथे दगडांची एक रास रचली आणि ती मुद्दाम अपुरी ठेवली. मला ही अपुरी रास फार आवडते. क्षमा मागितली की खातं बंद झालं, अशी आपली सवय आहे. उरलेले दगड कधी लावायचे, ते समोरच्याने ठरवायचं असतं.

सेवेच्या बदल्यात कृतज्ञता मागितली की त्या सेवेची पावती होते आणि पावती दाखवून वसुली सुरू होते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात शोमरोनी माणूस वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला खाणावळीत पोचवतो, खाणावळवाल्याला पैसे देतो आणि निघून जातो. जखमी माणूस शुद्धीवर आल्यावर काय म्हणाला, हे येशूने सांगितलेलंच नाही. शिवाय या दाखल्यातला नायक ज्यूंच्या दृष्टीने परधर्मीच होता, हेही आपण सोयीस्कर विसरतो.

माध्यमांनी फुगवलं, या मुद्द्यावर फार शब्द घालवत नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, तीनशेहून अधिक धर्मगुरूंवरचे बाललैंगिक अत्याचाराचे आरोप आणि हजारावर बळी नोंदवले, आणि बरीचशी माहिती बाहेर आली ती चर्चच्याच कुलूपबंद फायलींतून. आपल्याच कपाटातला कागद कोणी मोठ्याने वाचला तर त्याला फुगवणं म्हणत नाहीत.

राहिला सत्यात पाणी घालण्याचा मुद्दा. इथे मी उदाहरणच देते. कॅथलिक चर्चच्या गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत शतकानुशतकं ज्यूंसाठी एक विशेषण होतं, 'पेर्फिदिस'. अविश्वासू, आणि लोकांच्या कानाला सरळ 'दगाबाज'. याच पवित्र आठवड्यात मध्ययुगीन युरोपातल्या कितीतरी गावांत ज्यूंच्या घरांवर दगड पडत. 1959 च्या गुड फ्रायडेला पोप जॉन तेविसावे यांनी तो शब्द काढायला लावला. सहा वर्षांनी, 28 ऑक्टोबर 1965 रोजी, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर टाकता येणार नाही. विश्वासांगीकारातला, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणाऱ्या पाठातला, एक शब्दही बदलला नाही. ख्रिस्त उठला, हे तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणतात. गेलं ते सत्य नव्हतं, सत्याला चिकटलेली शिवी होती.

पौलाने तरी काय केलं? अथेन्समध्ये मूर्ती बघून त्याच्या मनाची तगमग झाली, असं लूक लिहितो. पण तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य निघालं ते असं, की तुम्ही लोक फार धर्मशील आहात. पुढे त्यांच्याच कवीची ओळ सांगून तो आपल्या मुद्द्यावर आला, आणि पुनरुत्थानावर येऊनच थांबला. लोक हसले तरी. इफिसमध्ये दंगल झाली तेव्हा नगराचा लेखक जमावाला म्हणाला की या माणसांनी देवळं लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. अर्तमी देवीच्या त्या शहरात दोन वर्षं सुवार्ता सांगूनसुद्धा हे प्रशस्तिपत्र मिळालं होतं! आपल्या मंडळीबद्दल असं कोणी छातीठोक सांगेल का?

जून 2011 मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी एक संयुक्त निवेदन काढलं. या तिघांचं एरवी फारसं पटत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. साक्ष देणं आपलं कर्तव्य आहे, असं म्हणूनच ते सुरू होतं, आणि मग सांगतं की आमिष नको, गरिबीचा आणि गरजेचा फायदा नको, आजारी माणसाच्या हतबलतेचा तर नकोच, आणि दुसऱ्या धर्माबद्दल खोटी साक्ष देऊ नका. धर्म बदलू पाहणाऱ्याला विचार करायला पुरेसा वेळ द्या, असंही त्यात आहे. आमच्या ग्रुपवर मी ते पूर्वी एकदा टाकलं होतं. एकही आमेन आलं नाही.

खोट्या साक्षीवरून आठवलं. एका तरुणाच्या बाप्तिस्म्याला त्याचे आई-वडील आले होते, शेवटच्या बाकावर बसून होते. ते ख्रिस्ती नव्हते, तरी आले होते. मुलाने माइकवरून साक्ष दिली: "मी ज्या घरात वाढलो तिथे फक्त अंधार होता." सभागृहातून हालेलूया उठला. ज्या बाईने त्याला वाढवलं ती मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिली. त्या घरात अंधारच होता का? परीक्षेच्या रात्री त्याच्याबरोबर कोणी जागलं नव्हतं? तो हे सगळं वगळून बोलला, कारण आपल्याकडे साक्षीचा साचाच तसा पडलाय. आधी काळंकुट्ट, मग लख्ख. दुसऱ्याचं घर काळं रंगवल्याशिवाय आपला दिवा दिसत नसेल तर वातीतच काहीतरी कमी आहे.

त्या रुग्णालयातल्या प्रसंगानंतर साधारण महिन्याभराने मी सहकारी मुलीची माफी मागितली. तिची आई घरी आली होती, बरी होती. तिने ऐकून घेतलं. काकांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. फक्त एवढंच विचारलं, "ते सगळं चाललं होतं तेव्हा तू शेजारीच उभी होतीस ना? मग गप्प का होतीस?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने चहा पुढे केला, आणि आम्ही कामाचं बोलायला लागलो.