‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

त्वचेच्या कर्करोगासाठी नियमित तपासणी करून घ्या, एवढंच सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार वाक्यं लिहिलीत: “भीती विकायचा धंदा बरा आहे. सावळ्या कातडीला हा रोग होतच नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनेही सरसकट तपासणीची शिफारस केलेली नाही. फोटो तर किळसवाणा.”

फोटोचं मान्य. जखमेचा एवढा मोठा फोटो लेखाच्या माथ्यावर नको होता. काढला आहे.

आता धंद्याबद्दल. या ब्लॉगवर जाहिरात नाही, कुठल्या दवाखान्याची लिंक नाही, मी डॉक्टरही नाही. मग विकलं काय, आणि कुणाला? मतभेद हवे तितके असू द्यात. पण समोरच्याचा हेतूच खोटा ठरवला की वाद घालायचे कष्ट वाचतात, आणि ते तुम्ही वाचवलेत. मी इथे स्वतःच्या नावाने लिहितो, लोक मला नावानिशी धरतात. टोपणनावाआडून स्पष्टवक्तेपणा करायला काय लागतं? ‘तुमचं म्हणणं पटलं नाही, कारण अमुक’ असं लिहिता आलं असतं. अर्थात मग ते अमुक शोधावं लागलं असतं.

“होतच नाही” हे कुठून आणलंत? कमी होतो, हे खरं, आणि ते माझ्याच लेखात आहे. फोटोच्या खालीही थोडा मजकूर होता. पण सावळ्या-काळ्या माणसांत मेलानोमा, म्हणजे रंगपेशींपासून होणारा त्वचेचा घातक कर्करोग, होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नाही आणि सहसा कुणाचं लक्षही जात नाही. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या बोटाला, नखाखाली, १९७७ साली मेलानोमा निघाला. १९८१ साली ते गेले, वय ३६.

तेही लांबचं वाटत असेल तर घरचं सांगतो. माझ्या वडिलांच्या टाचेवर डाग होता. सगळे त्याला कुरूप म्हणायचे, तेही. पट्ट्या लावायचे, ब्लेडने वरची कातडी तासायचे. दुखत नव्हतं, म्हणून कुणी नीट बघितलं नाही. भेगांसाठी म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं, तर त्यांनी टाचेवर जेलचा थेंब टाकून दिवा असलेलं छोटं भिंग टेकवलं. मलाही त्यातून बघू दिलं. तळव्यावर बोटांच्या ठशात असतात तशा रेघा असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा त्या रेघांमधल्या खाचांत राहतो. वडिलांच्या डागात तो उंचवट्यांवर चढला होता आणि कडेला कागदावर शाई फुटावी तसा पसरला होता. बायोप्सीत मेलानोमाच निघाला. जाडी एक मिलिमीटरच्या आत होती, म्हणून कापून काढण्यावर भागलं. या रोगात डाग किती रुंद यापेक्षा किती खोल, यावर बराचसा हिशेब ठरतो. आणखी तासत बसलो असतो तर काय झालं असतं, ते तुम्ही सांगा, तुम्हाला सगळं ठाऊक दिसतं.

राहिली अमेरिकेची समिती. लक्षणं नसलेल्या लोकांची डॉक्टरांनी नुसत्या डोळ्यांनी तपासणी करण्याचे फायदे-तोटे ठरवायला पुरावा अपुरा आहे, असं तिने २०२३ साली म्हटलं. ‘करू नका’ असं म्हटलेलं नाही. जर्मनीत २००८ पासून ३५ वर्षांवरच्यांना दर दोन वर्षांनी ही तपासणी मिळते. विनाकारण बायोप्सी होतात वगैरे मुद्दे तुम्ही काढलेलेच नाहीत, तेव्हा मी कशाला काढू?

यापुढे हेतूंवर घसरणाऱ्या निनावी प्रतिक्रिया इथे राहणार नाहीत. तुमची ठेवतो आहे. आणि आज मोजे काढाल तेव्हा तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं बघून घ्या. वाढत चाललेला डाग दिसला, तर मला कळवायची गरज नाही. डॉक्टरांना दाखवा.