घर गळत असताना मैत्रिणीला फोन करायचा तो असा

वीज गेलीय, छतातून ठिबकतंय, बाहेर वारं घोंघावतंय. अशा वेळी जिवाभावाच्या माणसाला बिनदिक्कत फोन करा. "एवढ्यासाठी कुणाला कशाला त्रास" हे मला साफ अमान्य आहे. घाबरलेलं माणूस एकटं असलं की नको ते करतं. ओल्या हाताने बटण दाबतं, निसरड्या फरशीवर स्टूल मांडून चढतं. ओळखीचा आवाज कानावर पडला की तेच माणूस थबकतं.

मात्र "काही नाही गं, सहज केला" अशी सुरुवात नको. "दहा मिनिटं नुसतं ऐक, उपाय सांगू नकोस" किंवा "मेन स्विच बंद करतेय, तोवर फोनवर थांब" असं पहिल्याच वाक्यात सांगून टाका. विजा चमकत असतील तर फोन चार्जरवरून काढून मगच बोला. रेंज धड नसेल तर साधा मेसेज टाका. कॉल लागत नसतानाही तो बऱ्याचदा जातो.

आता ऐकणारीबद्दल. "तरी सांगत होते, आधीच गच्ची बघून घे" हे त्या रात्री गिळायचं. "आमच्याकडे तर याहून जास्त गळतंय" हे तर मुळीच नको. आधी तिला बोलू द्या, मग एकेक विचारा. मेनपर्यंत कोरड्या जमिनीवरून, कोरड्या हाताने जाता येतंय का? तरच तो बंद करायचा. बोर्ड ओला असेल किंवा पाण्यात उभं राहावं लागणार असेल तर हात न लावता वीज कंपनीला कळवायचं. ईएलसीबी (करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल तर वर करत बसायचं नाही, ओल वायरिंगमध्ये शिरलेली असू शकते. फॉल्स सीलिंगला पोट आलं असेल तर त्याखालून बाजूला व्हायला सांगा. साचलेल्या पाण्याच्या वजनाने अख्खा तुकडा कोसळतो. आणि भर पावसात गच्चीवर भेग शोधायला पाठवू नका. ठिबकतं तिथेच वर भेग असते असं नाही, पाणी स्लॅबमधून वाट काढत लांबूनही येतं.

पाऊस थांबला की सगळ्यांना वाटतं, निभावलं. पण त्राण जातं ते दुसऱ्या दिवशी, भिजलेल्या गाद्या आणि कपाटामागची ओली भिंत बघून. 24 ते 48 तासांत वाळलं नाही तर बुरशी धरायला लागते. म्हणून त्या दिवशी फोन तुम्ही करा. "काही लागलं तर सांग" म्हटल्यावर कुणी काही मागत नाही. "चार वाजता येते, गाद्या दोघी मिळून उचलू, तोवर नुकसानीचे फोटो काढून ठेव" असं नेमकं सांगा.